मावळ्याच्या घरची भजी

शाळेचं वेळापत्रक ठरतं तेव्हा गणित-विज्ञानाला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. इंग्रजीच्या बाईंना सगळे जपून असतात. इतिहास मात्र कुणाचाच नसतो. ज्याचे तास कमी भरतात त्याच्या पदरात तो पडतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावच्या शाळेत काही वर्षं तो शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे होता. त्या काळातल्या मुलांना लढाया तोंडपाठ असत, तह अजिबात येत नसत. यंदा सातवी ब चा इतिहास माझ्याकडे आला. मी मराठीचा. "मराठी येतं ना तुम्हाला? मग झालं. इतिहास मराठीतच आहे," असं मुख्याध्यापक म्हणाले आणि खडूचा डबा पुढे सरकवला.

दोन्ही तास एकाच वर्गावर असले की एक गंमत दिसते, जी एकेकट्या विषयाच्या शिक्षकाला कधी दिसणार नाही. आम्ही मुलांना सांगतो की इतिहासात जे घडलं तेवढंच लिहायचं आणि निबंधात मनातलं लिहायचं. सातवी ब ने हे ऐकलं, समजून घेतलं आणि नेमकं उलटं अमलात आणलं. यांची सगळी प्रतिभा इतिहासाच्या पेपरात उधळलेली असते आणि निबंध मात्र शिलालेखासारखा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

सुरुवात इतिहासाच्या साधनांपासून झाली. भौतिक साधनं म्हणजे किल्ले, नाणी, ताम्रपट. लिखित साधनं म्हणजे बखरी, पत्रं, फर्मानं. मौखिक साधनं म्हणजे पोवाडे, ओव्या, लोकगीतं. पहिल्याच चाचणीत मी मौखिक साधनांची दोन उदाहरणं विचारली. एकाने लिहिलं, "१) पोवाडा २) माझी आजी". पूर्ण गुण दिले. दुसऱ्या मुलाने भौतिक साधनांत आजोबांना घातलं. त्याचं मात्र काय करावं ते कळेना. तो म्हणाला, "सर, आज्जा बोलतच न्हाई, नुसता बसून असतो." अर्धा गुण दिला.

जुलैत पाऊस लागला आणि नेमका पन्हाळ्याचा वेढा आला. १६६० सालचा भर पावसाळा, सिद्दी जौहरचा वेढा, महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद, आणि रातोरात चिखलातून, काट्याकुट्यांतून विशाळगडाकडे निघालेली माणसं. खिडकीबाहेर तसाच पाऊस होता. वर्गात इतकी शांतता होती की छपराची गळती बादलीत पडलेली ऐकू येत होती. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले तेव्हा शेवटच्या बाकावरच्या पोराने विचारलं, "सर, पायात चपला होत्या का वो?" मी म्हटलं, होत्या असतील. "मग चिखलात रुतून बसल्या आसत्याल," तो म्हणाला आणि गप्प झाला. साठेक किलोमीटरच्या त्या वाटेविषयी मी आजवर ऐकलेलं हे सगळ्यांत जाणतं वाक्य आहे. त्याचं घर शाळेपासून ओढ्यापलीकडे आहे.

मला वाटलं, लोखंड तापलंय. पुढच्याच तासाला मराठीच्या वहीत निबंध दिला : "पन्हाळ्याहून निघालेला मी मावळा". विषय कुठल्याही निबंधाच्या पुस्तकात नव्हता याची आधी खात्री करून घेतली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली तेव्हा पुढे तिची एवढी स्वस्त आणि पातळ भावंडं स्टेशनरीच्या दुकानात लटकतील, अशी त्यांना कल्पना नसणार. तर वह्या आल्या. पहिली उघडली. "सकाळपासूनच आभाळ भरून आले होते. विजा कडाडत होत्या. बेडूक डराव डराव करू लागले. मातीचा सुगंध दरवळला. मी मावळा होतो." पुढे मावळा भिजत भिजत घरी जातो. आई टॉवेलने त्याचं डोकं पुसते, रागावते आणि गरमागरम कांदाभजी करते. शेवटी, "असा हा पावसाळ्यातील दिवस मी कधीही विसरणार नाही."

दुसऱ्या वहीतही भजी. तिसऱ्या वहीत बटाट्याची. चपलांची काळजी करणाऱ्या त्या पोराची वही मी मुद्दाम शोधून काढली. त्याच्याही मावळ्याने मोराचा पिसारा पाहिला, कागदाच्या होड्या सोडल्या आणि रात्री दुलई पांघरून झोपी गेला. चपलेचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. विचारलं तर म्हणाला, "निबंधात तसलं कुठं लिहित्यात सर?"

इतिहासाच्या वहीत मात्र यातलं काहीही चालतं. सहामाहीला "कारणे द्या" मध्ये प्रश्न होता : शाहिस्ताखान पुणे सोडून गेला. १६६३ सालचा लाल महालातला छापा, तुटलेली बोटं, सगळं मी हातवारे करून शिकवलं होतं. उत्तरं अशी आली. "कारण त्याला पुणे मानवले नाही." "कारण लाल महाल त्याचा नव्हता." "कारण त्याला भीती वाटली व परत कोण येईल सांगता येत नाही." यातलं एकही उत्तर खोटं नाही, हीच अडचण. लाल महाल त्याचा नव्हता, हे तर त्या छाप्यामागचं अगदी मूळ कारण म्हणावं लागेल. नमुना उत्तरपत्रिकेत ते नव्हतं एवढंच.

आग्र्याच्या सुटकेवर तर बहर आला. १६६६ चा ऑगस्ट, महाराजांचं आजारपण, मिठाईचे पेटारे. मुलांना औरंगजेबात रस नव्हता, मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग याच्यातही नव्हता. सगळी चर्चा मिठाईवर. पेढे की बर्फी? पहारेकरी झाकण उघडून बघत तेव्हा एखादा खात असेल का? उत्तरपत्रिकेत एका मुलीने लिहिलं होतं, "संभाजीराजे नऊ वर्षांचे होते. त्यांनी पेटाऱ्यात एक पेढा खाल्ला असावा, पण आवाज केला नाही." तिने "असावा" लिहिलं. पुराव्याविना विधान करू नये हे इतिहासकारांना उमगायला आयुष्य जातं, ते हिला एका क्रियापदात जमलं. तिला मी पूर्ण गुण दिले आणि शेजारच्या बाईंना पेपर दाखवला. त्या म्हणाल्या, "अहो, असे गुण दिलेत तर उद्या सगळेच खातील."

या मुलीचं पुढेही येणार आहे. वर्गात तिचा नंबर दुसऱ्या बाकावर. वर्षभर तिने मला मराठीच्या तासाला इतिहासाचे आणि इतिहासाच्या तासाला मराठीचे प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

त्यातला पहिला पुरंदरच्या तहाच्या वेळी निघाला. १६६५ सालचा तह : तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना, बारा किल्ले महाराजांकडे. बेरीज-वजाबाकी सुटसुटीत असल्याने हा तह मुलांना आवडतो. हिने हात वर केला. "सर, अफझलखान तो. शाहिस्ताखान तो. औरंगजेब पण तो. मग मिर्झाराजे 'ते' कसे? ते पण औरंगजेबाकडूनच आले होते ना?" मी म्हटलं, ते वयाने मोठे होते. "औरंगजेब लहान होता का?" नव्हता. मी म्हटलं, त्यांच्या नावातच राजे आहे. "मग औरंगजेब तर बादशहा होता." तास संपायला अजून बरीच मिनिटं होती. आमच्या इतिहासात आदरार्थी बहुवचन कुणाला मिळतं, याचा कायदा कुठेही छापलेला नाही, पण सातवीपर्यंत प्रत्येक मूल तो बिनचूक शिकलेलं असतं. चुकून एखाद्याने "सिद्दी जौहर आले" असं वाचलं की सगळा वर्ग हसतो. हीच मुलं शाळेत आलेल्या अधिकाऱ्यांना, आपल्या वडिलांनाही खुशाल "तो आला" म्हणतात.

मंत्रिमंडळाच्या धड्याने वर्गाचा कारभार बिघडला. राज्याभिषेकानंतरच्या अष्टप्रधानांची खाती फळ्यावर लिहून दिली, आणि उत्साहाच्या भरात वर्गातही अष्टप्रधान नेमले. अमात्याने वह्या-पेनांचा जमाखर्च ठेवायचा, सुमंताने परराष्ट्र व्यवहार बघायचा, म्हणजे सातवी अ मधून डस्टर आणायचं. सेनापतीपदासाठी तेरा जण आले, पंडितराव व्हायला कुणी तयार होईना. न्यायाधीशाने पहिल्याच दिवशी स्वतःच्या भावाला निर्दोष सोडलं. पंडितराव आणि न्यायाधीश सोडले तर बाकीच्या प्रधानांनाही युद्धावर जावं लागे, असं मी सांगून बसलो होतो. ते ऐकून सचिव आणि मंत्री मधल्या सुट्टीत सातवी अ वर चालून गेले. डस्टर दोन्ही वर्गांचं गेलं.

शुद्धलेखनाचं दुखणं वर्षभराचं. ऱ्हस्व-दीर्घाला मी लाल शाईने गोल करतो, वही परत देतो, मुलं ते गोल मोजतात, कुणाचे जास्त त्याच्यावर पैजा लावतात. एके दिवशी शिवकालीन पत्राचं चित्र दाखवलं. मोडी लिपी, टाक न उचलता सरसर ओढलेली. उत्साहात आणखी सांगितलं की मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवायची पद्धत नव्हती, दोन शब्दांत जागा सोडत नसत, स्वल्पविराम-पूर्णविराम नव्हते. वर्गात एक लाट उठली. "म्हणजे महाराजांच्या टायमाला शुद्धलेखनाचे मार्क कापत नव्हते?" नव्हते. "आणि तरी स्वराज्य झालं?" झालं. "मग हे नियम कवाचे?" मी म्हटलं, मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांपैकी चौदा १९६२ साली लागू झाले, पुढे १९७२ साली त्यांत चार वाढले. ती मुलं माझ्याकडे अशी बघत होती की जणू जिझिया मीच बसवला. पुढच्या आठवड्यात एका वहीत सगळा गृहपाठ एकाच शब्दात लिहून आला. खाली टीप : "मोडीचे वळण".

डिसेंबरात सहल रायगडाला निघाली. एसटीच्या दोन गाड्या, महाबळेश्वरावरून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड. ज्याने आंबेनळी घाटात सातवीची मुलं नेली नाहीत त्याने शौर्याविषयी बोलू नये. पहिल्या चार वळणांत प्रतापगड दिसला की नाही यावर वाद चालू होता, पाचव्या वळणाला प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या. पुढचं सांगत नाही. ड्रायव्हरने महाडला गाडी धुतली आणि आमच्याशी बोलणं सोडलं.

गडावर मात्र पोरं जिवंत झाली. होळीचा माळ, बाजारपेठेची जोती, जगदीश्वराचं देऊळ, समाधी. राजसभेत सिंहासनाजवळ हलकेच बोललेलं लांब नगारखान्याच्या दरवाजात ऐकू येतं, हे मी सांगितलं आणि मुलांना दोन टोकांना उभं केलं. अशा वेळी काय बोलावं हे सांगायचं राहिलं. नगारखान्याकडून उत्तर आलं, "व्हय, मुख्याध्यापकांच्या डब्यात मासं हुतं." साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या स्थापत्यकाराने कमाल केली होती. मुख्याध्यापक सिंहासनाच्या जागेपासून दहा पावलांवर उभे होते.

परत आल्यावर इतिहासात टीप विचारली, रायगड. एकाने लिहिलं, "रायगडावर पूर्वी मोठी बाजारपेठ होती. आता ताक मिळते. ग्लास वीस रुपये, ग्लास लहान." आणखी एकाने टकमक टोकाची माहिती देऊन पुढे लिहिलं, "तिथे वारा एवढा आहे की गुन्हेगाराला ढकलायला माणूस लागत नसेल." हिरकणी बुरुजावर एका मुलीने पाऊण पान लिहिलं होतं, त्यात कडा उतरताना कुठे हात टाकावा, कुठे पाय, सगळं. हिच्या आईचं दूध डेअरीला जातं.

त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला निबंध दिला, "आमची शैक्षणिक सहल". भोळेपणा अंगात मुरलेला, दुसरं काय. निबंधांत गाडी वळणावळणाच्या रस्त्याने डौलाने धावत होती. मुलं भेंड्या खेळत होती. एकालाही उलटी झाली नव्हती. पक्ष्यांचा किलबिलाट होता, थंडगार वारा होता, शिक्षक प्रेमळ होते. चार जण तर आमच्याबरोबर रायगडाला येऊन वेरूळची लेणी पाहून परत आले होते, कारण त्यांच्या पुस्तकातली सहल वेरूळला जाते. त्यांना विचारलं, अरे, तुम्ही ताक पिणारे, टोकावर आडवे पडून खाली बघणारे, तुमचं वेरूळला काय काम? एकाने फार शांतपणे समजावलं, "सर, तुम्ही शैक्षणिक सहल लिवा म्हणाला. ही आपली सहल शैक्षणिक नव्हती."

जानेवारीत संक्रांत आणि पानिपत बरोबरच आले. १४ जानेवारी १७६१. तिळगूळ वाटून झाला आणि मी सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, उपाशी लष्कर, दुपारनंतर फिरलेलं युद्ध हे सगळं सांगितलं. नानासाहेब पेशव्यांकडे ती बातमी मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या सांकेतिक भाषेत पोचली, तेही सांगितलं. पत्रलेखनाच्या तासाला त्याचा ताबडतोब उपयोग झाला. विषय होता, वडिलांना पत्र लिहून चाचणीतील प्रगती कळवा. एरवी याचं उत्तर ठरलेलं असतं : तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार, मी इकडे खुशाल आहे. एका पोराने लिहिलं की गणित नावाचा एक मोती गळाला आहे, इंग्रजीच्या काही मोहरा सापडत नाहीत, बाकी चिल्लर घरी आल्यावर मोजू. मला हे पत्र इतकं आवडलं की मी ते वर्गात वाचून दाखवलं. वडिलांनाही आवडलं असावं. दुसऱ्या दिवशी तो थोडा तिरका बसला होता.

त्यानंतर प्रयोग शिकवायला घेतले, कर्तरी, कर्मणी, भावे. व्याकरणातला राम पिढ्यान् पिढ्या आंबा खातोय, तो जरा बाजूला ठेवावा म्हणून फळ्यावर इतिहासातली वाक्यं लिहिली. "तानाजीने कोंढाणा घेतला." कर्मणी, सगळ्यांना आलं. "मावळ्यांनी शत्रूला पळवले." भावे, निम्म्यांना आलं. "पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला." कर्ता कोण?

"मराठे," असा गलका झाला. मराठ्यांना षष्ठी लागलीय, ते कर्ते नाहीत, मी म्हटलं. "अब्दाली." अब्दाली वाक्यातच नाही. दुसऱ्या बाकावरची ती उठली. "झाला कोण, पराभव. कर्ता पराभव." बरोबर. अकर्मक कर्तरी. मी पुढच्या वाक्याकडे वळणार तर ती बसेना. "पण सर, जिंकलं की आपण वाक्यात असतो, हरलं की कुणीच नसतं." मी म्हटलं, असं काही नाही. तिने वही उघडली. तोवर बाकीच्यांनीही वह्या आणि गाईडं काढली होती, आणि पुढची वीस मिनिटं सातवी ब ने मराठ्यांच्या इतिहासाची जी झडती घेतली तशी कुणा विद्यापीठात झाली नसेल. गड घेतला, फौज बुडवली, खजिना आणला : कर्ता हजर, नावासकट. आणि फूट पडली. माघार घ्यावी लागली. तह करणे भाग पडले. १८१८ साली सत्ता संपुष्टात आली, ती आपली आपण आली. पाडणारा कोण, भाग पाडणारा कोण, संपवणारा कोण, काही पत्ता नाही.

मी त्यांचं कौतुक केलं. ते महागात पडलं. शनिवारी सातवी ब ची खिडकी फुटली. कुणी फोडली? "काच फुटली, सर." कशी? "चेंडू लागला." चेंडू कुणी मारला? सगळा वर्ग एका सुरात, "चेंडू मारला गेला." कर्मणीतला नवा प्रकार, पाठ्यपुस्तकात शेवटी दिलेला असतो. मी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते सूचनावहीत लिहीत होते : "शालेय पोषण आहारातील खिचडीत मीठ जास्त पडल्याचे निदर्शनास आले आहे." टेबलावर वरिष्ठ कार्यालयाचं पत्र होतं, त्यात अनुदान वितरित होऊ शकले नसल्याचं कळवलं होतं. मी काचेचं काही बोललो नाही. वहीत नोंद केली : खिडकीची काच फुटलेली आढळली.

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. भाषणं झाली. सगळ्या भाषणांत मराठीला मुकुट घालून उभं केलेलं होतं आणि सगळी भाषणं एकाच मोबाइलवरून उतरवलेली होती. आदल्या दिवशी मी बहिणाबाई शिकवल्या होत्या, त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या हेही सांगितलं होतं. शेवटच्या बाकावरचं ते चपलांचं पोर आयत्या वेळी उठलं आणि म्हणालं, "बहिणाबाई शाळंत गेल्या नाहीत म्हणून त्यांनी शेतातलं लिवलं. गेल्या असत्या तर भजीवर लिवलं असतं." टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

वार्षिक परीक्षा संपली, निकाल लागायचा होता. ती दुसऱ्या बाकावरची मुलगी भावाचं आठवीचं इतिहासाचं पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये आली. भावाने वर्षभर मन लावून अभ्यास केलेला दिसत होता : लॉर्ड डलहौसीला शिंगं होती, रॉबर्ट क्लाइव्हच्या डोळ्यावर पट्टी होती, व्हिक्टोरिया राणीला दाढी.

"सर, आठवीत इंग्रज येतात. ते तो का ते?"

"क्लाइव्ह तो. डलहौसी तो," मी म्हटलं.

"आणि हा? ॲलन ह्यूम?"

"ते. त्यांनी काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेतला. १८८५ साली."

"इंग्रजच ना पण?"

"इंग्रजच. सरकारी नोकरीत होते, मग निवृत्त झाले."

तिने जरा विचार केला. "म्हणजे नोकरीत असताना तो आणि निवृत्त झाल्यावर ते?"

मी ह्यूमसाहेबांचा फोटो बघायला पुस्तक हातात घेतलं. भावाने त्यांना नुसता चष्मा काढला होता. मिशा मुळातच एवढ्या दांडग्या होत्या की तिथे त्याला काही करायला जागाच उरली नव्हती.